चपड्याचा थर

आमच्या घराच्या मागच्या पडवीत स्पिरिटची एक बाटली कायम भरलेली असे. तिच्यात चपडा आणि थोडासा चंद्रस, म्हणजे एक प्रकारची राळ, भिजत घातलेला असे. अण्णा दिवसातून दोन-तीनदा ती बाटली हलवत आणि उजेडाकडे धरून बघत. अण्णा सुतारकाम करत. पॉलिश हा त्यांचा हातखंडा होता. मलमलच्या फडक्यात कापसाचा बोळा गुंडाळून सागाच्या फळीवर ते तासन्‌तास हात गोल फिरवत, एक थर वाळला की पॉलिश पेपर मारून दुसरा थर चढवत, आणि लाकडाच्या रेषा आतून उजळून वर आल्या की मगच उठत. चपडा म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांनी तयार केलेली. तो वास आणि ती सोनेरी झाक यांच्यासह मी लहानाची मोठी झाले.

पुढे पुराणवस्तूंच्या संवर्धनाचे शिक्षण घेत असताना अजिंठ्याच्या एका लेण्यात काम पाहण्याची संधी मिळाली. एक ज्येष्ठ रसायनतज्ज्ञ भिंतीपासून वीतभर अंतरावर बसले होते. डोळ्यांना भिंग लावून, काडीवर गुंडाळलेला कापूस द्रावणात बुडवून ते बोटाच्या पेराएवढ्या जागेवर तो हलकेच फिरवत होते. घासत नव्हते, नुसता फिरवत होते. कापूस तपकिरी झाला की तो बाजूला ठेवायचा आणि नवा घ्यायचा. अर्ध्या तासाने त्या पेराएवढ्या जागेत एक थंड, स्वच्छ हिरवा रंग दिसू लागला आणि भोवतालचे सगळे चित्र पिवळट काचेमागे ठेवल्यासारखे वाटू लागले. मी विचारले, हे तपकिरी काय निघते आहे? ते म्हणाले, ‘‘लाख. ऐंशीएक वर्षांपूर्वी चित्रे वाचवण्यासाठी लावलेली.’’

अण्णांच्या बाटलीतला चपडाच तो. त्या दिवशी मला माझ्या पेशाचे स्वरूप जेवढे कळले तेवढे नंतर कोणत्याही वर्गात कळले नाही. गेली वीस वर्षे मी संग्रहालयातील आणि उत्खननातील वस्तूंच्या जतनाचे काम करते आहे. ‘या क्षेत्रात यायचे आहे, काय करू?’ असे विचारणारी मुले-मुली अधूनमधून भेटतात. त्यांना मी प्रवेशपरीक्षांबद्दल सांगण्याआधी अजिंठ्याच्या लाखेबद्दल सांगते.

१८१९ साली जॉन स्मिथ हा मद्रास फौजेतला अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या त्या वळणावर पोहोचला आणि अजिंठा पुन्हा जगाच्या नजरेत आला. तेव्हापासून चित्रांवर प्रेम करणाऱ्यांची रीघ लागली, आणि चित्रांचे बरेचसे नुकसान या प्रेमातूनच झाले. रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे तेथे राहून मोठ्या तैलचित्रांत नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या आणि त्यांतल्याही अनेक लंडनमध्ये आगीच्याच भक्ष्यस्थानी पडल्या. नक्कल करताना मूळ चित्र स्पष्ट दिसावे म्हणून त्याच्यावर व्हार्निश फिरवण्याची त्या काळी रीत होती. त्या व्हार्निशने रेषा क्षणभर उजळत आणि काही वर्षांनी कायमच्या काळवंडत. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांना बोलावले. गुलाम याझदानी तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. या इटालियन संवर्धकांनी भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा जागच्या जागी बसवला, कडा बांधून घेतल्या. त्यांनी ते काम केले नसते तर आज जे उरले आहे त्यातले कितीतरी गळून पडले असते, हे मी मनापासून मानते. पण सैल झालेला रंग धरून ठेवण्यासाठी त्यांनी चपड्याचा थरही दिला.

चपडा ताजा असताना स्पिरिटमध्ये सहज उतरतो. दारावरच्या पॉलिशवर नवा हात मारायचा असेल तर अण्णा स्पिरिटच्या बोळ्याने जुना थर मऊ करून घेत. परंतु वर्षे लोटली की त्याचे रेणू एकमेकांत गुंततात, थर कडक होतो, स्पिरिटला दाद देत नाही, पिवळा आणि मग तपकिरी होतो, धूळ आणि धूर पकडतो आणि आकसताना खालच्या रंगालाही ओढतो. दार असेल तर रंधा मारून पुन्हा पॉलिश करता येते. अजिंठ्याला रंधा मारता येत नाही. तेथे दगडावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू घालून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर सरसासारख्या चिकट पदार्थात कालवलेले खनिज रंग अशी रचना आहे. ओल्या चुन्यात मुरलेले हे रंग नव्हेत. ते वरवर बसलेले आहेत आणि पाण्याच्या बोटानेही हलू शकतात. म्हणून पेराएवढ्या जागेला अर्धा तास लागतो. पुढच्या पिढीने, आपल्याच माणसांनी, चपड्याऐवजी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या कृत्रिम रेझिनचा लेप वापरला. तो त्या काळी सर्वांत आधुनिक आणि सुरक्षित समजला जाई. आज त्याचेही थर काढावे लागतात.

चेक्कोनींना किंवा नंतरच्या कोणालाही दोष देण्याचा अधिकार मला नाही. त्यांच्या काळात उपलब्ध असलेले उत्तम ज्ञान त्यांनी वापरले. मीही आज तेच करते. आज मी भरवशाने वापरत असलेला पदार्थ साठ वर्षांनी कोणी तरी कापसाच्या बोळ्याने उतरवत बसलेला असेल, ही जाणीव रोज मनात ठेवून काम करणे हे आमच्या शिस्तीचे मूळ आहे. लावलेले काढता आले पाहिजे, काढता येणार नसेल तर निदान पुन्हा उपचार करता आले पाहिजेत, आणि काय लावले, किती लावले, कधी लावले हे लिहून ठेवले पाहिजे.

या वाटेला लागण्याचे मार्ग अनेक आहेत आणि ते सरळ नाहीत. मी रसायनशास्त्राची पदवी घेतली. माझ्या बरोबरीच्या कोणी कलाशाळेतून आल्या, कोणी डेक्कन कॉलेजातून पुरातत्त्व शिकून आले. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाशी जोडलेल्या संस्थेत कलासंवर्धनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९८९ पासून चालत आला. लखनौ येथे १९७६ साली सुरू झालेली राष्ट्रीय संवर्धन संशोधन प्रयोगशाळा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा डेहराडूनला आहे आणि तिची मुळे १९१७ साली नेमलेल्या पहिल्या पुरातत्त्व-रसायनतज्ज्ञापर्यंत, महंमद सनाउल्लांपर्यंत, जातात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे संवर्धन केंद्र आहे. मात्र कोणत्याही वाटेने आलात तरी पहिली दोन वर्षे हात शिकतात, डोके नाही. रसायनशास्त्र शिकलेल्याला ब्रश धरता येत नाही, आणि चित्रकला शिकलेल्याला नव्या रंगाने पोकळी भरण्याचा मोह आवरत नाही. मला अण्णांमुळे हात थोडा तयार मिळाला होता. थर पातळ ठेवणे आणि वाळू देणे या दोन गोष्टी मला कोणी शिकवाव्या लागल्या नाहीत. पण थांबणे शिकावे लागले, आणि त्याची किंमत एका नाण्याने मोजली.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट आहे. एका लहानशा संग्रहात तांब्याची काही सातवाहन नाणी होती, हिरवी, फुगलेली, ओळखू न येणारी. त्यांतले एक मी साफ करायला घेतले. धातूचे क्षार बांधून घेणाऱ्या द्रावणात ते ठेवले आणि दर काही मिनिटांनी बाहेर काढून ब्राह्मी अक्षरे दिसतात का ते पाहू लागले. ‘रञो’, म्हणजे ‘राजाचे’, ही दोन अक्षरे दिसली. पुढची अक्षरे दिसावीत म्हणून मी नाणे पुन्हा द्रावणात ठेवले, तेवढ्यात जेवणाची वेळ झाली, आणि अर्ध्या तासात काय होणार या समजुतीने मी उठले. परत आले तेव्हा नाणे स्वच्छ, लालसर आणि गुळगुळीत झाले होते. अक्षरे नव्हती. पुस्तकात वाचलेली गोष्ट मी तेव्हा स्वतःच्या हाताने शिकले: शतकानुशतके मातीत राहिलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा धातूत उरलेलाच नसतो, तो गंजाच्या आतल्या लालसर-तपकिरी थरात असतो. ज्याला मी मळ समजून काढले त्याच्यातच राजाचे नाव होते. दोन हजार वर्षे मातीने सांभाळलेली ती अक्षरे मी एका दुपारी घालवली. ती नोंद मी माझ्या हाताने, जशी घडली तशी, त्या नाण्याच्या पत्रकावर लिहिली. ती आजही तेथे असेल.

गंजाच्या पोटात काय असू शकते याचे माझे आवडते उदाहरण नेवाशाचे आहे. ज्ञानेश्वरीचे नेवासे ते हेच. तेथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. हसमुख सांकलिया आणि सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातील एका मुलाच्या सांगाड्याबरोबर तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. महाराष्ट्राच्या ओल्या काळ्या मातीत कापड, दोरा असे काही टिकत नाही. पण तांब्याचे क्षार त्या मण्यांतल्या दोऱ्यात मुरले होते, त्यामुळे तो कुजला नाही, आणि तपासणीत त्यात कापसाचे आणि रेशमाचे तंतू ओळखता आले. कोणी ती माळ चिंच लावून लखलखीत केली असती तर आपल्याला मणी मिळाले असते आणि दोरा गेला असता. घरी देवाची तांब्या-पितळेची उपकरणी आपण चिंचेने घासतो आणि ते योग्यच आहे, कारण ती वापरातली भांडी आहेत. संग्रहालयातील वस्तूचा राप हा तिच्या आयुष्याचा भाग असतो.

सगळा हिरवा रंग मात्र निरुपद्रवी नसतो. घट्ट, गडद, गुळगुळीत हिरवा थर असेल तर वस्तू बहुधा शांत आहे असे समजावे. भिंगाखाली फिकट हिरवी, पिठासारखी बुकटी दिसली आणि सुई लावताच ती सुटली, तर धोक्याची घंटा समजावी. आमच्याकडे याला ब्राँझचा रोग म्हणतात. जमिनीतल्या मिठाचे क्लोराइड तांब्याशी जोडले जाऊन धातूच्या पोटात दडून बसते. हवेतला दमटपणा मिळाला की त्यातून आम्ल तयार होते, ते आम्ल आणखी तांबे खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड, आणि हे चक्र धातू संपेपर्यंत चालते. पितळेच्या भांड्यातले दही कळकते हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. येथे भांडेच आतून कळकत जाते. उपचार धिम्या गतीचा आहे. प्रत्येक डाग भिंगाखाली सुईने आणि शस्त्रक्रियेच्या पात्याने टोकरून रिकामा करायचा. वस्तू अल्कोहोलमधल्या बेन्झोट्रायझोल या गंजरोधक रसायनाच्या सौम्य द्रावणात बुडवायची, आणि हे करताना हातमोजे विसरायचे नाहीत. मग ती मुद्दाम दमट केलेल्या बंद डब्यात एक दिवस ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बुकटी दिसली तर पहिल्यापासून सुरुवात. एका बोटभर मूर्तीसाठी मी हे सहा वेळा केले आहे.

लोकांना वाटते की आमचा दिवस असा भिंगाखाली जातो. तसे दिवस थोडे असतात. पुष्कळसा वेळ कपाटांत जातो. सातवाहनांनी शिशाची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली, आणि शिसे हा लाकडाच्या वाफांना अतिशय भिणारा धातू आहे. प्लायवूड आणि त्याच्या चिकटद्रव्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा बंद खणात साठल्या की शिशाचे नाणे पांढरे पडू लागते आणि शेवटी त्याची भुकटी होते. एका ठिकाणी मी खण उघडला तेव्हा कागदाच्या पाकिटांवर नाण्यांचे क्रमांक व्यवस्थित लिहिलेले होते आणि काही पाकिटांत केवळ पांढरे पीठ होते. कोणीही त्या नाण्यांना हात लावला नव्हता. ती नव्या, सुंदर, महागड्या कपाटात नीट ठेवली होती, एवढेच. तेथे रसायनांचा काही उपयोग नव्हता. उरलेली नाणी धातूच्या कपाटात हलवणे हाच उपचार होता.

त्यामुळे या पेशात येणाऱ्याला रसायनांइतकेच पावसाळ्याचे ज्ञान हवे. कोकणात जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा नव्वदीच्या घरात जातो. पोथ्यांवर बुरशी येते, चामड्याच्या म्यानांना पांढरे चट्टे पडतात, चित्राच्या मागून कसर लागते. दिवसा वातानुकूलन लावायचे आणि रात्री वीज वाचवण्यासाठी बंद करायचे, याने तर वस्तूचे दुहेरी हाल होतात, कारण एकसारखा दमटपणा तिला एक वेळ सोसतो, पण रोजचा चढउतार सोसत नाही. सिलिका जेलच्या पिशव्या वेळेवर बदलणे, खिडकीच्या फटीला पट्टी लावणे, वाळवीचा पहिला मातकट धागा भिंतीवर दिसताच ओळखणे ही आमची खरी दिनचर्या आहे. हे काम चांगले झाले की काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्यासाठी कोणी पैसे मंजूर करत नाही. प्रयोगशाळेसाठी लाखोंचे यंत्र मिळते, पण दमटपणा मोजणाऱ्या साध्या उपकरणांसाठी वर्षभर पत्रव्यवहार करावा लागतो, असा माझा अनुभव आहे.

उत्खननावर तर घाई हाच शत्रू असतो. मातीत वस्तूने आपले एक समतोल जग तयार केलेले असते. ती उघडी पडली की हवा, ऊन आणि कोरडेपणा तिच्यावर एकदम तुटून पडतात. विद्यार्थिदशेत ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या एका उत्खननात मी मदतीला होते. घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन मडक्यांत लहान मुलाची हाडे मिळाली. इनामगावपासून जोर्वे संस्कृतीच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या, अनेक वस्त्यांवर अशी दफने सापडली आहेत, म्हणून ती पुस्तकातून ओळखीची होती; समोर पाहणे वेगळे होते. मडकी असंख्य ठिकाणी तडकलेली होती आणि माती काढली असती तर ती कोसळली असती. म्हणून भोवतालची माती ठोकळ्यासारखी कोरून घेतली, वर ओला टिश्यू कागद, त्यावर गोणपाट आणि प्लास्टर ऑफ पॅरिस असा वेढा दिला, खालून लोखंडी पत्रा सरकवला आणि सगळा ठोकळा सहा जणांनी उचलला. त्यांतले एक मामा गावातले, वर्षानुवर्षे उत्खननावर काम केलेले. उचलण्याआधी त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली. आम्हीही काढल्या. तंत्र मी नंतर अनेकदा वापरले. चप्पल काढण्याची पद्धत कोणत्या टिपणात नसली तरी तेव्हापासून मी ती पाळते.

श्रद्धेचा हा भाग आमच्या शास्त्राला बाजूला ठेवता येत नाही, आणि महाराष्ट्रात काम करणाऱ्याला तर मुळीच नाही. नातेवाईक मला सर्वांत जास्त विचारतात ते वज्रलेपाबद्दल. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचे २०१५ साली संवर्धन झाले तेव्हा आणि नंतर कितीतरी दिवस घरोघर त्याची चर्चा होती. वज्रलेप हा शब्द जुना आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्याच्या कृतींचा अध्यायच आहे. आज मंदिरांत त्या नावाखाली बहुधा कृत्रिम रेझिनचे लेप दिले जातात. संग्रहालयातल्या दगडी मूर्तीला मी तसा लेप देणार नाही, कारण तो पूर्णपणे काढता येत नाही आणि आत अडकलेला ओलावा दगडाला आतून फोडतो. पण ज्या मूर्तीला रोज दूध, दही, मध, साखर यांचा अभिषेक होतो आणि हजारो हातांचा स्पर्श होतो, तिच्याबाबत मी माझे पुस्तकी उत्तर रेटत बसू शकत नाही. तेथे मूर्ती ही वस्तू नाही, ती देव आहे, आणि तिचा वापर थांबवा असे सांगणे म्हणजे रुग्णाला श्वास थांबवायला सांगण्यासारखे आहे. माझे मत एवढेच आहे की लेपापेक्षा अभिषेक उत्सवमूर्तीवर किंवा प्रतीकात्मक करण्याचा मार्ग अधिक सौम्य आहे आणि तो निर्णय पुजारी, भक्त आणि तज्ज्ञ यांनी एकत्र बसून घ्यावा. काही देवस्थानांनी तो स्वीकारलाही आहे.

नोकरीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. कायम पदे कमी आहेत आणि रिकामी झालेली पदे वेळेवर भरली जात नाहीत. शिकून बाहेर पडलेली मुले सहा-सहा महिन्यांच्या करारावर काम करतात. काही ठिकाणी संवर्धनाचे काम निविदा काढून, सर्वांत कमी दर भरणाऱ्याला दिले जाते, जणू भिंतीला रंग द्यायचा आहे. अशाच एका कामानंतर मी एक लाकडी कोरीव चौकट पाहिली. जुन्या रंगाचे सगळे अवशेष घासून काढले होते आणि वर चकचकीत व्हार्निश मारले होते. काय वापरले याची एक ओळही कोठे लिहिलेली नव्हती. मला राग व्हार्निशचा आला नाही. चेक्कोनींनीही लेप दिलाच होता. पण त्यांनी काय लावले हे आपल्याला माहीत आहे, म्हणून ते कसे उतरवावे याचा विचार तरी करता येतो. या चौकटीपुढे मी आधी महिनाभर नुसत्या चाचण्या करत बसले.

म्हणून विचारायला येणाऱ्या मुलांना मी एक काम देते. घरातली एखादी जुनी वस्तू घ्यायची आणि तिला हात न लावता तिचे दोन पाने वर्णन लिहायचे: माप, वजन, रंग, कोठे तडा, कोठे डाग, कोठे आधीची दुरुस्ती. बहुतेकांचे अर्ध्या पानात संपते. ज्यांचे दोन पानांत मावत नाही, त्यांना मी पुढचा पत्ता सांगते.

गेल्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा अण्णांनी आजोबांचे कपाट दाखवले. त्यांनीच चाळीस वर्षांपूर्वी पॉलिश केलेले. आता ते काळपट झाले आहे. हे उतरव, म्हणाले, तुझेच काम आहे ना. आतल्या बाजूच्या कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, मी काडीवर कापूस गुंडाळून स्पिरिटची चाचणी घेतली. कापूस जरासाच पिवळा झाला. अण्णांनी चष्मा लावून तो कापूस निरखून पाहिला आणि म्हणाले, ‘‘दुसऱ्या हाताला चंद्रस जास्त पडला होता, त्याने धरलंय.’’ मी पिशवीतून वही काढली आणि ते सांगत गेले तसे लिहून घेत गेले: चपडा किती, चंद्रस किती, हात किती, कोणता महिना, पाऊस होता की ऊन. कपाट अजून तसेच आहे. चाचणीची जागा खुणेच्या दोऱ्याने दाखवून ठेवली आहे.